नातवाचा बाक

मास्तराच्या घरात दोन गोष्टी फुकट साठतात. एक खडूची धूळ आणि दुसरे किस्से. धूळ फडक्याने झटकली की जाते. किस्से मात्र समोर कोणी बसल्याशिवाय झटकता येत नाहीत, आणि माझ्याकडे बसायला येतं कोण? दूधवाला येतो, पण तो सायकलवरून उतरत नाही. तुम्ही आज आलात, आत येऊन बसलात, वर चहाला हो म्हणालात. आता सापडलात!

मी मूळचा सांगलीकडचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवायला आलो. केळझरच्या रस्त्याला, शेतांच्या मधोमध कॉलेज. शेती, अन्नतंत्र आणि वनशास्त्र अशा तीन शाखा. पहिल्या दिवशी प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये ओळख करून दिली, "हे आपले नवीन सर, पुण्याकडचे."

मी म्हणालो, "सर, मी सांगलीचा."

"हौ ना, तेच. पुण्याकडचंच!"

पुढची सगळी नोकरी मी पुण्याकडचाच राहिलो. पुणं मी तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही गाडी बदलण्यापुरतं.

माझा विषय तिन्ही शाखांना सामाईक होता. नाव फार लांबलचक, 'शाश्वत'ने सुरू होणारं, म्हणून पोरं मलाच शाश्वत सर म्हणायची. सार एवढंच, की शेत, जंगल आणि अन्नाचा कारखाना आज असा चालवा की आपल्या मागून येणाऱ्यांनाही तो चालवता येईल. विषय ऐच्छिक, त्याचे मार्क टक्केवारीत धरत नसत आणि तास शनिवारचा शेवटचा. जे यायचे ते मैत्रिणीसाठी, पंख्यासाठी, नाहीतर वर्ध्याची एसटी येईपर्यंत बसायला जागा हवी म्हणून. गेटवर ड्रायव्हरने हॉर्न दिला की माझा अर्धा वर्ग वाक्याच्या मध्यावर उठून पळायचा. उरलेला अर्धा वाक्य संपवू द्यायचा, एवढीच काय ती सभ्यता!

आणि पुरेशी पोरं आली नाहीत तर विषय बंद, अशी अट होती. दर जूनमध्ये मी रोज ऑफिसात जाऊन नावं मोजून यायचो. घरी बायको नाही, पोर नाही. लग्न जमलं नाही, का ते विचारू नका, मलाही नीट सांगता येत नाही. हा एक विषय होता. तो गेला तर मी इथवर येऊन केलं काय, हे मला कोणाला सांगता आलं नसतं.

* * *

बाकाची गोष्ट अशी सुरू झाली.

वर्गात मी एक प्रश्न टाकला होता. बांधावर जुनं बाभळीचं झाड आहे, ट्रॅक्टर वळायला अडचण होते, झाड तोडायचं का? शेतीवाले म्हणाले, तोडा. फूडवाले म्हणाले, आमचा काय संबंध, तोडा. फॉरेस्टवाले सुद्धा म्हणाले, एकच तर आहे, तोडा. इतकं एकमत मी त्या वर्गात पुन्हा पाहिलं नाही.

मी चिडलो. म्हणालो, "आणि ज्याला त्या झाडाची सावली पुढे लागणार आहे, त्याला विचारलं का कोणी?"

मागच्या बाकावरून मंगेश उठला. वर्ध्याच्या कापूसबाजारातल्या व्यापाऱ्याचा मुलगा, जीभ दुकानासारखी सदैव उघडी. म्हणाला, "सर, त्याले कसं विचारता? थो तं अब्सेंट आहे!"

वर्ग खिदळला. मलाही काय सुचलं कोण जाणे, खिडकीजवळचा पहिला बाक रिकामा करायला लावला. म्हटलं, "आजपासून ही त्याची जागा."

"त्याचं नाव काय, सर?"

"नातू."

"कोनाचा?"

"तुमचा."

"आमचा काऊन, सर? आमचं तं लगन बी नाई झालं अजून!"

मग नियमच ठरला. काहीही ठरवायचं असलं, तोडायचं, खणायचं, फवारायचं, की एकाने त्या बाकावर जाऊन बसायचं. तिथे बसला की तो स्वतः नाही, नातू. बाकीच्यांना त्याने आबाजी आणि आजी म्हणायचं. आणि बसला की बोलायलाच लागेल, मुकाट उठून यायचं नाही.

ही बातमी स्टाफरूमला माझ्या आधी पोचली. पीकशास्त्राचे भोयर सर चहाचा कप घेऊन उभेच होते. तिथे मला सख्खं म्हणावं असं माणूस ते एकच. म्हणाले, "सर, तुमची कमाल आहे बाप्पा! बायको नाई, पोरगं नाई, डायरेक्ट नातू!"

सगळे हसले. मीही हसलो, चांगला विनोद होता. संध्याकाळी खोलीवर खिचडी टाकली, एकट्यापुरती. ती शिजेपर्यंत तो विनोद पुन्हा आठवला, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

* * *

हजेरी घेत होतो. शेवटचं नाव झालं, तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "यस सर!"

"कोण ते?"

मंगेश उभा. "सर, नातवाची हजेरी. त्यानं सांगतलं व्हतं, मी येत नाई आज, लावून देजो म्हने!"

पोरं एकमेकांची हजेरी लावतात हे मी पाहिलं होतं. जो जन्मालाच आलेला नाही त्याची लावणारा हाच पहिला!

* * *

एकदा कॉलेजच्या हॉलमध्ये संस्थेच्या कोणाचं तरी लग्न होतं. जास्तीची बसायची सोय म्हणून आमच्या वर्गातले बाकही उचलून नेले. सोमवारी परत आले, तर नातवाच्या बाकावर पानाची भली मोठी पिचकारी.

भोयर सरांनी ती निरखून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "सर, संस्कार कमी पडले."

* * *

रत्नमाला खोडे केळझरकडची. घरचा भाजीपाला, वडील बाजाराला वांगी-टमाटे न्यायचे. अन्नतंत्र शाखेत होती. वर्गात इतकी गप्प की ती वर्षभर होती हेच काहींना माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात टमाट्याचा भाव पडला होता. फूडवाल्यांनी प्रॅक्टिकलला सॉस करायचा बेत केला. त्यांची भट्टी लाकडाची, म्हणून फॉरेस्टवाले उखडले. "तुमच्या एका सॉसपायी आमची अर्धी टेकडी जाते!" फूडवाले म्हणाले, "मग काय टमाटे सडू द्यायचे?" शेतीवाले म्हणाले, "आमी पिकवलं हा गुन्हा झाला काय?" बाक वाजायला लागले. मी रत्नमालाला म्हटलं, "तू जाऊन बस त्या बाकावर."

ती जाऊन बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सगळे थांबले.

मंगेश म्हणाला, "बोल ना वं, नातू काय म्हनते?"

तिने मान वर केली, फूडच्या मुलींकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "आजी, मले हे भांडन नाई समजत. मले भूक लागली."

गेटवर एसटीचा हॉर्न झाला. कोणी उठलं नाही. पुन्हा झाला, लांब. तरी कोणी उठलं नाही. शेवटी ड्रायव्हर स्वतः गाडी सोडून वर्गाच्या दारात आला. सगळे खाली माना घालून बसलेले पाहून त्याने घाबरून टोपी काढली आणि मला विचारलं, "मास्तर, कोन गेलं?"

त्या शनिवारी मी खोलीवर चालत गेलो. एसटीत गर्दी होती म्हणून नाही, मन भरून आलं होतं म्हणून. वाटेत कोणी भेटलं असतं तर सांगितलं असतं. कोणी भेटलं नाही.

* * *

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही मोहफुलं वेचायला जंगलात गेलो. मी बजावून सांगितलं, "सगळी फुलं वेचायची नाहीत. नातवाचा वाटा झाडाखाली सोडायचा." पोरं इतकी आज्ञाधारक निघाली की प्रत्येक झाडाखाली पळसाच्या पानावर छान ढीग मांडून ठेवले, नैवेद्य ठेवावा तसे!

जेवून परत येतो तर एकही ढीग नाही. गावाच्या गाई येऊन गेल्या होत्या. मंगेश वाकून पाहत म्हणाला, "सर, नातू येऊन गेला. शेन बी टाकून गेला!"

उरलेल्या फुलांचा फूडवाल्यांनी जॅम केला. साखर कमी पडली असावी. चार दिवसांत होस्टेलमध्ये बाटल्यांची झाकणं फटाफट उडायला लागली आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात आमच्या होस्टेलला तो वास! वॉर्डन होते भोयर सर. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"कोनी केलं हे?"

"सर, प्रॅक्टिकल आहे. जॅम आहे."

भोयर सरांनी चमचाभर चाखला. डोळे मिटले. आणखी एक चमचा चाखला.

"प्रॅक्टिकल साफ फेल आहे," ते म्हणाले. "बाटल्या जप्त! माझ्या खोलीत नेऊन ठेवा."

* * *

मग मंगेशच्या शेवटच्या वर्षी पोरं फारच कमी आली. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सर, तपासणीला कमिटी येऊन राह्यली. त्यांनी नाही म्हटलं तर माझ्या हातात काही नाही." तोंडाने मी बरं म्हणालो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

कमिटी आली ती भर एप्रिलच्या दुपारी. वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वर्गात विषय चालला होता बोअरचा, कॉलेजच्या आवारात आणखी खोल बोअर मारायचा का नाही. कमिटीचे अध्यक्ष घामाघूम होऊन आत आले. वर्गात खिडकीजवळ एकच बाक रिकामा दिसला. ते थेट जाऊन त्याच्यावर बसले!

मी काही म्हणायच्या आत मंगेश उभा.

"सर, आता बोला."

"मी? काय बोलू?" अध्यक्ष म्हणाले.

"बोअर मारायचा का नाई थे. इथं जो बसते, थो पन्नास सालानंतरचा नातू आहे, सर. आन् आमाले आबाजी म्हना लागते."

प्राचार्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा. अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "अहो, आधी पाणी आणा कोणी तरी!"

मंगेशने टाळीच वाजवली. "थेच! थेच तं म्हनून राह्यलो आमी, सर! नाई राह्यलं पानी!"

क्षणभर वाटलं, संपलं आता. आणि अध्यक्ष हसायला लागले. असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. विषय त्या वर्षी वाचला. पुढेही काही वर्षं चालला. मंगेश त्याच विषयात नापास झाला, हा भाग वेगळा!

* * *

पुढे दिवस बदलले. दोन हजार साल उलटलं, बीटीचं बियाणं आलं, कॉलेजात कॉम्प्युटर आले, मार्केटिंगचा विषय आला. पोरांचं काही चुकत नव्हतं. नोकरी मिळेल तिकडे ती गेली. भोयर सर निवृत्त होऊन समुद्रपूरला मुलाकडे राहायला गेले. माझ्या शेवटच्या वर्षी विषयाला एकानेही नाव दिलं नाही.

तरी शनिवारी शेवटच्या तासाला मी वर्गात जाऊन बसत असे. पाय आपोआप वळायचे. खुर्चीवर बसायचं, खिडकीतून शेतं पाहायची, हॉर्न झाला की उठायचं. समोर नातवाचा बाक असायचा, पिचकारीचा डाग अजून पुसट दिसायचा. त्या बाकावर मी स्वतः इतक्या वर्षांत कधी बसलो नव्हतो. एकदा मनात आलं, बसावं. पण बसलं की बोलायला लागतं, हा नियम माझाच. आणि ऐकायला तर कोणी नव्हतं.

निरोपसमारंभात शाल आणि श्रीफळ मिळालं. नवीन प्राचार्य भाषणात म्हणाले, "पुण्याहून इतक्या लांब येऊन सरांनी..." पुढचं मी ऐकलं नाही.

* * *

निवृत्तीनंतर मी इथेच, वर्ध्याला खोली घेतली. सांगलीला आता कोण होतं? एकदा कापूसबाजाराच्या बाजूने जात होतो तर हाक आली, "शाश्वत सर!" मंगेश! बी-बियाण्यांचं मोठं दुकान, पोट सुटलेलं, गळ्यात चेन. धावत खाली आला, पाया पडला, एसीतल्या गादीवर बसवलं, ज्यूस मागवला.

"सर, घरी कोन कोन?"

"मी."

"अरे बाप्पा," तो म्हणाला आणि ज्यूसचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

मला राहवलं नाही. विचारलं, "मंगेश, तो बाक आठवतो का रे?"

"कोनता बाक, सर?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. त्याला खरंच आठवत नव्हतं. विषयाला त्याने जीवदान दिलं होतं, आणि त्यालाच आठवत नव्हतं. माझा चेहरा पडला असावा, कारण तो घाईघाईने म्हणाला, "बाक पाह्यजे काय, सर? सांगा ना! भावाचं फर्निचरचं दुकान आहे, घरपोच पाठवतो!"

ज्यूस गोड होता. मी सगळा प्यायलो. घरी येऊन दार लावून घेतलं आणि दोन दिवस बाहेर पडलो नाही.

* * *

चहा गार झाला का? असू द्या, एवढा एक ऐका.

भोयर सरांना नातू झाला. त्याच्या बारशाचं बोलावणं आलं. मी झबलं-टोपडं घेतलं आणि समुद्रपूरला निघालो. जामच्या फाट्यावर गाडी बदलली. दुसऱ्या एसटीचं चाक थोडं पुढे जाऊन बसलं. कंडक्टर म्हणाला, वेळ लागेल, गावात पाणी पिऊन या. रस्त्यापासून आत एक लहानसं गाव होतं. ते मी कधी ऐकलंही नव्हतं. आमच्या कॉलेजात त्या गावचं कोणी आल्याचं मला तरी आठवत नाही.

मारुतीच्या देवळापुढे मांडव होता आणि गावाची सभा भरली होती. गुरं चरायच्या सरकारी पडीक जागेवर वीटभट्टीला परवानगी द्यायची का नाही, यावर जोरात वाद चालला होता. माणसं सतरंजीवर, पुढे ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या. मला एकाने तांब्याभर पाणी दिलं. ऊन डोक्यात गेलं होतं. एक खुर्ची रिकामी दिसली. मी तिच्यावर बसलो आणि पिशवी मांडीवर घेतली.

"ओ भाऊ! उठा! उठा पह्यले!"

नऊवारीतली एक म्हातारी सतरंजीवरून हात हलवत होती. सभा थांबली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी गडबडून उठलो. "काय झालं, बाई?"

"तिथं नका बसू. थे नातवाची खुर्ची हाय."

मला वाटलं, तिचा कोणी नातू उठून बाहेर गेला असेल. म्हणालो, "माफ करा. कुठे गेलाय तो?"

"जाईन कुठी? जन्माले यायचाच हाय अजून," ती म्हणाली. "साऱ्या गावाचा नातू हाय थो. त्याच्या नावानं एकानं बसा लागते आन् बोला लागते. मंग ठरते."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"ही पद्धत कोणी घातली इथे?"

"कोनी घातली मले काय मालूम. आमच्या गावात पह्यलेपासून हाय!"

मागून एक तरणा माणूस हसत म्हणाला, "पन काकी, आता तं भाऊ बसून गेले ना. बसला तं बोलाच लागते."

"हौ, थे तं हाय," म्हातारी म्हणाली. तिने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, पिशवीतून डोकावणारं झबलंही पाहिलं. "बसा मंग. बोला."

तिकडे रस्त्यावर एसटीने हॉर्न दिला. पुन्हा दिला, लांब. सभेतलं कोणी हललं नाही. सगळं गाव माझ्याकडे पाहत थांबलं होतं.

मी परत खुर्चीवर बसलो.

"आजी," मी म्हणालो.